मिटत चाललेल्या हॅमर कोरलचे निदान कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाच्या घरी ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८४ लिटरची, अडीच वर्षे जुनी रीफ टँक, म्हणजे प्रवाळे ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, आहे. तिच्यातील पाच हेडचे (हेड म्हणजे फांदीच्या टोकाचा मांसल जीव), फांद्यांचे हॅमर कोरल हे प्रवाळ वर्षभर उत्तम फुलत होते. आता ते दिवसभर मिटून बसते, एका हेडचा मांसल भाग पूर्ण जाऊन सांगाडा उघडा पडला आहे आणि दुसऱ्याची कड मागे सरकू लागली आहे. शेजारचे टॉर्च कोरल अर्धेच उघडते. लेदर आणि मशरूम ही प्रवाळे, मासे, कोळंबी आणि गोगलगायी मात्र ठणठणीत आहेत. मोजमापे अशी आहेत: खारेपणा ३५, तापमान २५.५ अंश सेल्सियस, अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचा साठा) ११.२ डीकेएच, आणि पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग या हिशेबाने, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट २ आणि फॉस्फेट शून्य. ऑक्टोबरात अल्कलिनिटी ८.४ होती, नोव्हेंबरच्या मध्यास ९.१. केसाळ शेवाळ वाढले म्हणून ५ डिसेंबरला फॉस्फेट शोषून घेणारे जीएफओ रिॲक्टरमध्ये, म्हणजे टँकचे पाणी ज्यातून फिरते त्या नळकांड्यात, भरले. १८ डिसेंबरच्या सुमारास हॅमर मिटू लागले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ते दोनदा हलवले, एकदा आयोडिनच्या पाण्यात बुडवून काढले आणि टँकचे पाणी दोनदा २५ टक्के बदलले. आता कोणते औषध द्यावे, असे विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे मग सांगतो. कोणतेही औषध देऊ नका, प्रवाळाला त्याच्या मूळ जागी ठेवून पुन्हा हात लावू नका, आणि अल्कलिनिटी व कॅल्शियमची द्रावणे रोज सोडणारा डोसिंग पंप आज बंद करा. माझ्या मते हे दुखणे जंतूंचे नाही. पाण्यातील फॉस्फेट संपलेले असताना अल्कलिनिटी चढत राहिली, त्यातून ते उद्भवले आहे. परंतु हा निष्कर्ष मी आकडे पाहताच काढलेला नाही. ज्या क्रमाने मी इथवर आलो तो क्रम पुढच्या वेळीही तुमच्या कामी येईल, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सुरुवात टेस्ट किटने करू नये, प्रवाळाकडे पाहण्याने करावी. दिवे मालवल्यावर तासाभराने पंप बंद करा आणि लाल प्रकाशाची विजेरी घेऊन काचेपाशी शांत बसा. निरोगी हॅमरच्या प्रत्येक हेडचा मांसल भाग सांगाड्याच्या काठावरून बाहेरच्या बाजूला थोडा खाली उतरलेला असतो, उशीला अभ्रा घट्ट बसावा तसा. ही कड फुगीर आणि सलग दिसते. प्रवाळ बिघडू लागले की सर्वांत आधी ही कड आवळते, मग पातळ होते, आणि तिच्या आतून सांगाड्याच्या उभ्या, पात्यासारख्या धारा डोकावू लागतात. तुमच्या दुसऱ्या हेडची अवस्था आज हीच आहे. शुंडके, म्हणजे हेडवरची बोटांसारखी टोके, आत घेऊन बसणे हे एकट्याने फारसे काही सांगत नाही, कारण निरोगी हॅमरही रात्री किंवा डिवचल्यावर मिटते. खरी बातमी या कडेवर असते, आणि तिचा फोटो दर दोन दिवसांनी एकाच कोनातून काढून ठेवणे हे निदानाचे पहिले साधन आहे.

पांढरेपणा पाहून घाबरण्याआधी तो कोणता आहे हे ठरवावे लागते. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाची बहुतेक ऊर्जा त्या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून येते. उष्णतेने किंवा एकाएकी वाढलेल्या प्रकाशाने प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते. तेव्हा मांसल भाग जागेवरच असतो, फक्त तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतला सांगाडा दिसू लागतो. हे विरंजन होय, आणि यातून प्रवाळ परत सावरू शकते. तुमच्या पहिल्या हेडवर ऊतीच उरलेल्या नाहीत. ती ऊतींची माघार आहे, आणि तिची कारणे वेगळी असतात. तिसरी शक्यता ब्राउन जेलीची. तीत हेडवर तपकिरी, बुळबुळीत गोळा साचतो आणि तो पिपेटने हलवला तर ढगासारखा विरघळतो. त्याला येणारा वास, सुकटीच्या पाटीला पावसाचे पाणी लागून दोन दिवस झाले की येतो तसा असतो, आणि ज्याने तो एकदा घेतला आहे त्याला पुन्हा ओळख पटवून द्यावी लागत नाही. हा रोग एका हेडवरून दुसऱ्यावर काही तासांत जातो. तुमच्या हॅमरला तीन आठवडे झाले आणि नुकसान दीड हेडपुरतेच आहे. तुमच्या वर्णनात चिकट द्रवही नाही. म्हणून ब्राउन जेली मी बाजूला ठेवतो.

लाल विजेरीच्या प्रकाशात फांद्यांच्या खालच्या बाजूला चपटे कृमी किंवा त्यांच्या अंड्यांचे पुंजके दिसतात का, तेही पाहा. यूफायलिया, म्हणजे हॅमर आणि टॉर्च ज्यात येतात त्या, गटातील प्रवाळे खाणारे असे कृमी असतात आणि नव्या प्रवाळाबरोबर ते टँकमध्ये शिरतात. उघड्या सांगाड्यावर केसाळ काट्यांचे ब्रिसल वर्म रात्री फिरताना दिसले तर त्यांना दोष देऊ नका. ते मेलेले मांस खायला येतात, आणि लोक त्यांनाच मारेकरी समजतात. क्लाउनफिश हॅमरमध्ये लोळत असेल किंवा एंजलफिश त्याला टोचत असेल तर ते दिवसा, खोलीत कोणी हालचाल करत नसताना, लांबून पाहावे.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: टँकमध्ये आजारी कोण आहे आणि ठणठणीत कोण आहे? खारेपणा बिघडला किंवा पाण्यात तांबे उतरले तर पहिला फटका गोगलगायी आणि कोळंबीला बसतो. प्राणवायू कमी पडला तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. फक्त एकच प्रवाळ बिघडले असेल तर दोष बहुधा त्याच्या जागेचा असतो, म्हणजे तिथला प्रकाश, प्रवाह, शेजारी किंवा कीड. तुमच्याकडे हॅमर आणि टॉर्च हे दोघे बिघडले आहेत, आणि लेदर व मशरूम मजेत आहेत. हॅमर आणि टॉर्च चुन्याचा कठीण सांगाडा बांधतात. लेदर आणि मशरूम तसा बांधत नाहीत. लेदर कोरल पाण्यात सोडत असलेल्या रसायनांचा त्रास कठीण प्रवाळांना होतो हे खरे आहे, आणि म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून ठेवायला माझी हरकत नाही. पण तुमचे लेदर वर्षभर तिथेच होते. सांगाडा बांधणारेच दोघे एकाच सुमारास खंगू लागले, तर संशय आपोआप सांगाड्याच्या रसायनाकडे, म्हणजे अल्कलिनिटीकडे वळतो.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी ते मोजणारी साधने तपासावी लागतात, आणि हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहे. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी मी खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याने शून्यावर आणत असे आणि तो ३५ दाखवतो म्हणून निश्चिंत राहत असे. गोगलगायी एकेक करून तळाशी उलट्या पडू लागल्या, मग प्रवाळे आवळली, आणि मी आठ महिने प्रकाश, अन्न, प्रवाह असे सगळे बदलून पाहिले. शेवटी ३५ खारेपणाचे प्रमाणित द्रावण काचेवर टाकले तेव्हा यंत्राने ३१ दाखवले. माझ्या टँकचा खारेपणा प्रत्यक्षात ३९ च्या आसपास होता. शून्यावर बरोबर असलेले यंत्र ३५ वर बरोबर असेलच असे नाही. तुमच्या गोगलगायी ठीक आहेत म्हणून मला तुमच्या ३५ वर फारसा संशय नाही, तरीही ही तपासणी या आठवड्यात करा. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि बाष्पीभवन वाढते; पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहते. गोडे पाणी हाताने ओतत असाल तर दोन ओतण्यांमध्ये खारेपणा किती चढतो तेही मोजून पाहा.

फॉस्फेटचे शून्यही असेच तपासावे. रंग जुळवण्याच्या साध्या किटवर ०.०० आणि ०.०३ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी अल्ट्रा लो रेंजचा डिजिटल चेकर वापरा, आणि तो आकडा फॉस्फरसचा अब्जांश देत असेल तर त्याला ३.०७ ने गुणून हजाराने भागा. १५ आले तर फॉस्फेट ०.०४६ होते, आणि ते उत्तम आहे. मात्र जीएफओ लावल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत प्रवाळे मिटली, हा क्रम पाहता तुमचे शून्य खरे असावे असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातली अल्कलिनिटी आणि कॅल्शियम वापरते. म्हणून रोजचा अल्कलिनिटीचा वापर ही टँकची नाडी आहे. प्रवाळ डोळ्यांना आजारी दिसण्याच्या कितीतरी आधी ते बांधकाम थांबवते आणि हा वापर घटतो. डोसिंग पंप मात्र रोज तेवढेच द्रावण सोडत राहतो, आणि त्यामुळे अल्कलिनिटी चढते. तुमची ऑक्टोबरातील ८.४ नोव्हेंबरात ९.१ झाली, तेव्हा हॅमर अजून फुललेले दिसत होते. ती वाढ हीच पहिली तक्रार होती. अनेक जण अशा वेळी आकडा वरचा आहे म्हणून समाधान मानतात. मला मात्र डोस न वाढवता चढलेला आकडा उतरलेल्या आकड्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

नोव्हेंबरात नेमके काय झाले असावे? खिडक्या बंद झाल्या. बंद घरात माणसांच्या श्वासाने आणि गॅसच्या शेगडीने कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो, पीएच खाली येतो आणि सांगाडा बांधण्याचा वेग मंदावतो. तुम्ही पीएच दिलेला नाही, पण हिवाळ्यात तो ७.८ च्या आसपास आढळला तर मला आश्चर्य वाटणार नाही. एवढ्याने हॅमर मेले नसते. ते फक्त हळू वाढले असते आणि तुम्ही डोस थोडा कमी केला असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

त्यावर ५ डिसेंबरला जीएफओ आले. फॉस्फेट हे प्रदूषण आहे असे आपल्या छंदात वर्षानुवर्षे शिकवले गेले, आणि ते अर्धेच खरे आहे. प्रवाळाच्या आतल्या शैवालाला पेशी बांधायला फॉस्फरस लागतोच. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रवाळ प्रयोगशाळेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, यूफायलिया गटातल्याच एका प्रवाळावर, फॉस्फेटच्या अभावाने विरंजन घडते हे दाखवून दिले आहे. समुद्रातल्या प्रवाळभिंतीवर फॉस्फेट अत्यल्प असते असा प्रतिवाद नेहमी केला जातो. परंतु तिथे प्लवकांचा अन्नपुरवठा रात्रंदिवस वाहत असतो, आणि तो आपल्या काचेच्या पेटीत नसतो. उपाशी प्रवाळाला भरपूर प्रकाश आणि ११ डीकेएच अल्कलिनिटी दिली की सांगाडा आणि त्यावरील ऊती यांच्या वाढीचा मेळ बिघडतो आणि कड मागे सरकते, हा अनेक टँकमालकांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ११ डीकेएच हा आकडा स्वतः विषारी नाही. पोसलेल्या टँकमध्ये तो चालून जातो. तो शून्य फॉस्फेटबरोबर आला, यात घात आहे.

तिसरी भर बहुधा तुमच्या चांगल्या हेतूने पडली. रीफसाठी विकल्या जाणाऱ्या मिठाचे काही प्रकार पाण्यात कालवल्यावर अल्कलिनिटी ११ ते १२ पर्यंत नेतात. तसे मीठ असेल तर तुमच्या दोन पाणीबदलांनी आकडा खाली आला नाही, वरच टिकून राहिला. पुढच्या वेळी बादलीतले नवे पाणी टँकमध्ये ओतण्याआधी त्याची अल्कलिनिटी मोजा. बहुतेक जण ही मोजणी आयुष्यात एकदाही करत नाहीत.

करायचे काम असे. दोन्ही डोस थांबवा आणि रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी दिवे लागण्याआधी, अल्कलिनिटी मोजा. चोवीस तासांत ती ०.२ किंवा ०.३ ने उतरली तर माझे निदान बळकट होते, कारण एवढ्या टँकचा वापर इतका कमी असणे हेच आजाराचे लक्षण आहे. या गतीने ११.२ वरून ८.५ वर यायला दहा-बारा दिवस लागतील, आणि ते लागू द्या, दिवसाला ०.५ पेक्षा वेगाने उतरवू नका. तेवढ्या काळात कॅल्शियम सुमारे १९ ने, म्हणजे ४२० च्या आसपास उतरेल, त्याची चिंता नको. ८.५ ला पोहोचल्यावर जेवढा रोजचा वापर दिसतो तेवढाच डोस सुरू करा. याउलट पहिल्याच दिवशी अल्कलिनिटी १ ने उतरली, तर प्रवाळे जोमाने बांधकाम करत आहेत आणि माझे म्हणणे चुकले आहे. मग पंप ठरल्यापेक्षा जास्त द्रावण सोडतो का, हे मोजपात्र लावून पाहावे लागेल.

जीएफओ काढून टाका आणि पुन्हा भरू नका. शेवाळ हाताने उपटा. फॉस्फेट शून्य दिसत असतानाही शेवाळ वाढते, कारण मिळेल तो कण तेच आधी पटकावते. माशांना गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवांचा) एक घास जास्त द्या. टँकमधले खडक आणि वाळू बराच काळ फॉस्फेट शोषून घेतील, त्यामुळे आकडा लगेच हलणार नाही. दोन आठवड्यांनीही शून्यच राहिला तर टँकसाठी मिळणारे फॉस्फेटचे पातळ द्रावण दिवसाला ०.०२ पेक्षा अधिक वाढ होणार नाही अशा बेताने द्या आणि ०.०३ ते ०.०८ च्या दरम्यान थांबा. दिव्यांची तीव्रता दोन आठवडे एक चतुर्थांशाने कमी ठेवा. बुडबुडे सोडून पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरच्या हवेची नळी खिडकीतून बाहेर काढता आली तर पीएच आपोआप सुधारेल.

हॅमरला त्याच्या पहिल्या जागी न्या, कारण तिथे ते वर्षभर सुखी होते. प्रवाह असा हवा की शुंडके संथपणे डोलतील. पाणी ढवळणाऱ्या पावरहेड पंपाचा थेट झोत बसला तर मांसल भाग सांगाड्याच्या त्या धारदार पात्यांवर घासून फाटतो, आणि आवळलेल्या हेडला ते अजिबात सोसत नाही. मिटलेल्या हेडवर अन्नाचे तुकडे ठेवू नका, ते तिथेच कुजतात. आयोडिनची बुडी कृमी किंवा ब्राउन जेली प्रत्यक्ष दिसली तरच द्यावी. प्रत्येक बुडी हा प्रवाळावर एक नवा आघात असतो. ब्राउन जेली दिसलीच तर वाट पाहू नका: पंप बंद करून तो द्रव नळीने बाहेर ओढा, प्रवाळ वेगळ्या भांड्यात घ्या आणि ते हेड निरोगी भागापासून कापून काढा.

भारतातील वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे, त्यामुळे हॅमर किंवा टॉर्च मुंबई-पुण्यातल्या घरी ठेवण्याचा विचार करू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली डोके घालून जे प्रवाळ दिसते ते तिथेच राहावे, आणि त्याला पायसुद्धा लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुधारणा कशी ओळखावी? शुंडके बाहेर येण्याची वाट पाहू नका, ते सर्वांत शेवटी घडते. आधी अल्कलिनिटीचा वापर हळूहळू वाढेल. मग दुसऱ्या हेडची कड मागे सरकणे थांबेल. ती पुन्हा फुगीर होऊन काठावर चढायला दीड-दोन महिनेही लागू शकतात. उघड्या पडलेल्या पहिल्या हेडवर शेवाळ चढेल आणि ते कुरूप दिसेल. तरीही फांदी तोडू नका. हॅमरच्या फांदीच्या बुंध्याशी ऊतींचा पातळ पट्टा उरलेला असला, तर त्यातून काही महिन्यांनी हरभऱ्याएवढी नवी हेड फुटतात. माझ्या टँकमधल्या ज्या फांदीला मी मेलेली समजलो होतो, तिच्या बगलेत अशी तीन हेड आली होती, आणि ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा फांदी उघडी पडून पाच महिने झाले होते.